घटनास्थळ वाचायची शाळा

बारावीचे निकाल लागले, की हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो. ‘गुन्ह्याच्या जागी जाऊन पुरावे गोळा करतात ना, ते काम करायचंय. त्यासाठी काय शिकावं लागतं?’ विचारणारी मुलं हुशार असतात आणि बहुतेकांच्या डोळ्यांपुढे टीव्हीवरची माणसं असतात. आपल्याकडे १९९८मध्ये ‘सीआयडी’ सुरू झाली, अमेरिकेत २०००मध्ये ‘सीएसआय’. हातमोजे घातलेला माणूस खाली वाकतो, चिमट्याने एक केस उचलतो आणि दोन जाहिराती होईपर्यंत खुनी सापडतो.

मी पोलीस खात्यातली नाही आणि प्रयोगशाळेतलीही नाही. माझा विषय विज्ञानाचा इतिहास. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी माझ्या बाजूने देणार आहे. हे काम मुद्दाम शिकवावं लागतं, हे माणसाला मुळात कधी कळलं? आणि ते शिकवायचं कसं, हे कुणी शोधून काढलं? अभ्यासक्रमांची नावं शेवटी सांगेनच; पण तो भाग सोपा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तपास म्हणजे मुख्यतः दोन गोष्टी होत्या, साक्षीदार आणि कबुलीजबाब. भिंत, जमीन, कपडे, राख यांनाही काही सांगायचं असतं, हे हुशार अधिकाऱ्याला अनुभवाने कळे. पण तो निवृत्त झाला, की त्याचा अनुभवही त्याच्याबरोबर घरी जाई. हा अनुभव पहिल्यांदा पुस्तकात आणला तो हान्स ग्रोस या ऑस्ट्रियन माणसाने. ग्राझ या गावी १८४७मध्ये त्याचा जन्म झाला. त्याचं काम तपास करणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्याचं. तिथल्या पद्धतीत गुन्ह्याचा तपास अशा अधिकाऱ्याच्या हाताखाली चाले. तो कायदा शिकून आलेला असे. पण रक्ताचा डाग लाकडावरून कसा काढायचा, चिखलातलं पाऊल कसं जपायचं, हे कायद्याच्या कुठल्या पुस्तकात असणार? ग्रोसने १८९३मध्ये या अधिकाऱ्यांसाठी जाडजूड हस्तपुस्तिका काढली. तिच्यात जागेचा नकाशा काढण्यापासून विषं, शस्त्रं, पावलांचे ठसे आणि गुन्हेगारांच्या सांकेतिक खुणांपर्यंत सगळं आहे.

या पुस्तकातला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे तपासाला निघताना न्यायची पिशवी. कागद, लेखणी, मोजपट्टी, मेणबत्त्या, ठसे घेण्यासाठी प्लास्टर, आणि हो, गोळ्या-मिठाया. त्या लहान मुलांसाठी. घरातलं मूल पुष्कळ काही पाहतं. पण परक्या माणसाशी बोलत नाही, हे ग्रोसला ठाऊक होतं. आज तपास पथकाजवळ जी साधनांची पेटी असते, तिची ही आजी.

या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये नाही, तर आपल्या मद्रासमध्ये झालं. १९०६ची ही गोष्ट. तिथल्या सरकारी वकिलांपैकी दोन ॲडम मंडळींनी ते केलं आणि हिंदुस्थानातल्या कामकाजाला जुळेल असे बदलही त्यात केले. म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्या जगाला गुन्हेशोधाचं हे शास्त्र मद्रासमार्गे मिळालं.

कलकत्ता तर त्याच्याही पुढे होतं. १८९७मध्ये तिथे बोटांच्या ठशांची कचेरी उघडली, जगातली पहिली. नाव झालं बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांचं. वर्गीकरणाचं गणित मात्र बसवलं ते अझीझुल हक या तरुण फौजदाराने. प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेला हा माणूस. दहा बोटांवरच्या नक्षीवरून कागद १०२४ कप्प्यांत वाटायचे, म्हणजे हजारो कागदांतून हवा तो नेमका काढता येतो, ही त्याची करामत. त्याच्या जोडीला हेमचंद्र बोस होते. या दोघांना श्रेय मिळायला फार उशीर झाला.

त्या कचेरीचं सुरुवातीचं एक प्रकरण जलपायगुडीचं. चहाच्या मळ्याच्या गोऱ्या व्यवस्थापकाचा खून झाला, पैसे गेले. त्याच्या सामानात बंगाली पंचांग होतं आणि त्याच्या वेष्टनावर रक्ताचा पुसट डाग. तो डाग म्हणजे उजव्या अंगठ्याचा ठसा निघाला आणि तो पूर्वी चोरीबद्दल शिक्षा भोगलेल्या एका जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. १८९८मध्ये न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली. खुनाच्या आरोपातून मात्र सोडलं. ठशाने तो तिथे होता हे सिद्ध होतं, त्याने सुरी चालवली हे नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या न्यायालयाने हा फरक केला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

पण या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, ज्याचा उल्लेख कुणी करत नाही. पंचांगावरचा डाग ज्याच्या नजरेला पडला, तो. १०२४ कप्पे कितीही बिनचूक असले, तरी ते पंचांग कुणी उचलून बाजूला फेकलं असतं, किंवा पुसून नीट ठेवलं असतं, तर कलकत्त्याला काय पाठवणार होते? ठसा जुळवणं शिकवता येतं. तो दिसणं कसं शिकवायचं?

युरोपात पुढच्या काही वर्षांत संस्था उभ्या राहिल्या. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात १९०९मध्ये राइस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पोलीसविज्ञानाची संस्था काढली. फ्रान्समध्ये लियाँ शहरी १९१०मध्ये एदमाँ लोकार यांना न्यायालयाच्या इमारतीत माळ्यावरच्या दोन खोल्या आणि दोन मदतनीस मिळाले, त्यातून प्रयोगशाळा झाली. ग्रोसने १९१२मध्ये ग्राझ विद्यापीठात आपली संस्था उघडली. तिथून रसायन, सूक्ष्मदर्शक, छायाचित्रण यांत तयार झालेली माणसं बाहेर पडू लागली. दिसण्याच्या प्रश्नाला मात्र थेट हात घातला तो अमेरिकेतल्या एका बाईने, वयाची साठी ओलांडल्यावर.

त्यांचं नाव फ्रान्सेस ग्लेसनर ली. १८७८मध्ये शिकागोत जन्म. वडील शेतीची यंत्रं बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या मोठ्या कारभाऱ्यांपैकी, त्यामुळे घरात काही कमी नव्हतं. भाऊ-बहीण दोघं घरीच शिक्षक ठेवून शिकली. पुढे भाऊ हार्वर्डला गेला. बहिणीच्या वाट्याला कॉलेज आलं नाही. विणकाम, भरतकाम आणि घर सांभाळणं आलं. १८९८मध्ये लग्न झालं, तीन मुलं झाली, १९१४मध्ये घटस्फोट झाला. मधल्या काळात त्यांनी एक उद्योग केला होता. आईला शिकागोच्या वाद्यवृंदाचं वेड, म्हणून १९१३च्या सुमारास अख्खा वाद्यवृंद छोट्या बाहुल्यांचा करून दिला. नव्वद वादक, प्रत्येकाच्या हातात त्याचं त्याचं वाद्य. ही श्रीमंतांची हौस म्हणून कुणी सोडून दिली असती. पण पुढे याच हातांनी काम केलं.

भावाचा हार्वर्डमधला मित्र जॉर्ज मॅग्राथ हा बोस्टनमध्ये संशयास्पद मृत्यूंची तपासणी करणारा सरकारी डॉक्टर होता. लीबाई पन्नाशीला आल्या तेव्हा आजारपणात दोघांच्या पुष्कळ गप्पा झाल्या, आणि त्या गप्पांत मॅग्राथच्या तक्रारी होत्या. त्या समजायला ‘कोरोनर’ ही भानगड समजून घ्यावी लागते. इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेली ही जुनी पद्धत. मृत्यू कशाने झाला हे ठरवणारा अधिकारी म्हणजे कोरोनर. अमेरिकेत तो बहुधा निवडणुकीने येई आणि तो डॉक्टर असावा अशी अट नसे. कित्येक ठिकाणी अंत्यविधीचं सामान विकणाराच कोरोनर असे! मॅसॅच्युसेट्स राज्याने १८७७मध्ये हे पद रद्द करून डॉक्टर नेमायला सुरुवात केली. बाकी राज्यांत जुनाच कारभार चालू होता. आपल्या मुंबईतही कोरोनर होता बरं का. १८७१च्या कायद्याने कलकत्ता आणि मुंबईत तो राहिला आणि मुंबईतलं ते पद १९९९मध्ये गेलं.

आई-वडील, भाऊ यांच्यामागे घरचा पैसा लीबाईंच्या हाती आला आणि त्यांनी तो कुठे घालायचा ते ठरवून टाकलं. हार्वर्डमध्ये न्यायवैद्यकाचं अध्यापन सुरू व्हावं म्हणून १९३१पासून देणग्या दिल्या. १९३४मध्ये सुमारे हजार ग्रंथांचं ग्रंथालय दिलं आणि त्याला मॅग्राथचं नाव दिलं. १९३६मध्ये अडीच लाख डॉलर्स. ज्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्या हे देत होत्या, तिथे मुलींना १९४५पर्यंत प्रवेशच नव्हता.

डॉक्टर तयार होऊ लागले. पण डॉक्टर प्रेतापर्यंत पोचेतो बरंच काही होऊन गेलेलं असे. सर्वांत आधी पोचतो तो शिपाई. तो रक्तातून चालत जाई. पिस्तूल उचलून पाही. सदऱ्याला पडलेल्या गोळीच्या भोकात बोट घालून बघे. चांगल्या मनाने प्रेत सरळ करून त्यावर चादर घाली. मॅग्राथची सगळी तक्रार हीच होती आणि लीबाईंना तिच्यातला खरा मुद्दा समजला. डॉक्टरांना शिकवून भागणार नाही, पोलिसांना शिकवलं पाहिजे.

पण कसं? डॉक्टरकीच्या विद्यार्थ्याला प्रेत दाखवता येतं, रोग दाखवता येतो. पोलिसाला घटनास्थळ कसं दाखवणार? खरं घटनास्थळ कुणासाठी थांबत नाही. प्रेत न्यावं लागतं, घरच्यांना घर धुवावं लागतं. वीस-पंचवीस शिकाऊ माणसं आत सोडली तर तपास संपलाच. छायाचित्र दाखवावं, तर ते घेणाऱ्याने जे महत्त्वाचं मानलं तेवढंच त्यात असतं. मग काय शोधायचं हे शिकाऊ माणसाला आधीच कळून जातं, आणि शिकायचं तर तेच असतं.

लीबाईंनी घटनास्थळच बनवलं. एका फुटाला एक इंच या प्रमाणात. न्यू हॅम्पशायरमधल्या आपल्या डोंगरावरच्या शेतघरी त्यांनी रॅल्फ मोशर नावाच्या सुताराला हाताशी धरलं आणि १९४०च्या दशकात एकामागून एक खोल्या तयार केल्या. खऱ्या प्रकरणांवर आधारलेल्या. पण नावं, तपशील बदललेल्या. खिडक्या उघडत, कुलपांना किल्ल्या होत्या, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नेमकी तारीख होती, फडताळातल्या डब्यांवर लेबलं होती. बाहुल्यांचे मोजे त्यांनी स्वतः टाचण्यांवर विणले. एका खोलीला एक साधं घर उभं राहील एवढा खर्च येई, असं सांगतात. गोठ्याच्या प्रतिकृतीला नवं लाकूड चालेना, म्हणून खऱ्या जुन्या गोठ्याचं ऊन-पावसाने करडं पडलेलं लाकूड कापून घेतलं.

हा सगळा नखरा वाटेल. पण प्रेतांकडे पाहा. माणूस मेल्यावर रक्त खालच्या बाजूला साकळतं आणि तिथली कातडी जांभळट होते. काही तासांनी हा रंग पक्का होतो. म्हणजे पालथ्या पडलेल्या माणसाची पाठ जांभळी असेल, तर त्याला नंतर कुणीतरी पालथं केलंय. त्या काळच्या घरगुती ग्यासमध्ये कार्बन मोनॉक्साइड असे. त्याने मेलेल्याचे गाल मात्र गुलाबी, तुकतुकीत दिसतात. लीबाईंच्या बाहुल्यांचे रंग या हिशेबाने दिलेले आहेत. त्यांच्या त्या स्वयंपाकघरातल्या बाईचे गाल असेच लाल आहेत.

ते स्वयंपाकघर पाहण्यासारखं आहे. नवरा सांगतो, मी बायकोच्या कामासाठी बाहेर गेलो होतो, परत आलो तर दार आतून बंद, खिडकीतून ती पडलेली दिसली. शेगडीच्या ग्यासच्या चाव्या उघड्या आहेत. दारांच्या फटींत आतून वर्तमानपत्रं कोंबली आहेत. आत्महत्या, असं कुणीही म्हणेल. मग नजर टेबलाकडे जाते. तिथे अर्धवट सोललेले बटाटे आहेत, भाजणीचं काम चालू आहे, इस्त्री करायचे कपडे काढलेले आहेत. मरायला निघालेली बाई रात्रीच्या जेवणाचे बटाटे सोलते का? सोलतही असेल. माणूस चमत्कारिक असतो. पण ‘आत्महत्या’ हा शब्द लिहिलेलं पेन खाली ठेवायला हे बटाटे भाग पाडतात.

गोठ्याची गोष्ट उलटी. शेतकऱ्याने फास लावून घेतलाय. बायको सांगते, घरात भांडण झालं की हे असेच गोठ्यात जायचे, बादलीवर उभे राहून गळ्यात दोर अडकवायचे आणि जीव देतो म्हणायचे. मी जाऊन समजूत घातली की खाली उतरायचे. त्या दिवशी ती लगेच गेली नाही. आणि बादलीऐवजी तो लाकडी खोक्यावर उभा राहिला. खोक्याच्या फळ्या मोडल्यात आणि पाय त्यात अडकलेत. हा खून नाही, आणि धडपणे आत्महत्याही नाही. प्रतिकृती पाहणाऱ्याने फास पाहून वही मिटली, तर त्याला खोकं दिसणार नाही.

१९४५मध्ये हार्वर्डमध्ये पोलीस अधिकाऱ्यांचे वर्ग सुरू झाले. वर्षातून दोनदा, एकेक आठवडा. व्याख्यानं असत, शवविच्छेदन असे, आणि या प्रतिकृती. प्रत्येकाच्या वाट्याला दोन खोल्या, त्यासाठी दीड तास. हातात विजेरी, सोबत साक्षीदारांचे जबाब, आणि जबाब खरे असतीलच असं नाही ही समज आधीच दिलेली. पाहायचं कसं तेही ठरलेलं. दारापासून सुरू करा, डावीकडून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत फिरत आत या, आणि मधोमध जे आहे, म्हणजे बहुधा प्रेत, ते शेवटी. नजर प्रेतावर आधी गेली, की बाकीची खोली दिसेनाशी होते. मग सर्वांसमोर उभं राहून आपण काय पाहिलं ते सांगायचं. खुनी कोण हे शोधायचं कोडं म्हणून या खोल्यांकडे पाहू नका, असं लीबाई बजावत. पाहणं, त्याचा अर्थ लावणं आणि ते नेमकं सांगता येणं, याचा हा सराव होता.

शेवटच्या दिवशी बोस्टनच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात शाही जेवण. गावोगावच्या फौजदारांना लीबाई असं जेवू घालत, की त्यांना आपण काही मोलाचं काम करतो असं वाटावं. न्यू हॅम्पशायरच्या पोलीस दलाने त्यांना १९४३मध्येच मानद कॅप्टन केलं होतं. पेरी मेसनचे जनक अर्ल स्टॅनली गार्डनर या वर्गाला बसले आणि त्यांनी एक कादंबरी लीबाईंना अर्पण केली.

या खोल्यांबद्दल मनात एक शंका येते, ती सांगते. त्यांतली मेलेली माणसं बहुतेक गरीब आहेत. भाड्याच्या खोलीतली बाई, दारुडा, मजूर. आणि बनवणारी आहे हवेलीत वाढलेली. गरिबांच्या घरातला फाटका पडदा ती हौसेने विणते आहे, हे पाहताना थोडं अवघडल्यासारखं होतं. पण त्याच वेळी हेही खरं, की अशाच माणसांच्या मृत्यूचा तपास दहा मिनिटांत उरकला जातो. ‘दारू प्यायचा, पडला असेल.’ लीबाईंनी त्यांच्यासाठी दीड तास ठेवला.

१९६२मध्ये त्या वारल्या. काही वर्षांत हार्वर्डने तो विभाग बंद केला आणि प्रतिकृती १९६०च्या दशकाच्या अखेरीस मेरीलंड राज्याच्या न्यायवैद्यक कार्यालयात, बाल्टिमोरला गेल्या. अठरा तिथे आहेत. वॉशिंग्टनमध्ये २०१७च्या ऑक्टोबरपासून काही महिने त्यांचं प्रदर्शन झालं, तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. पण बहुतेक खोल्यांची उत्तरं आजही बाहेरच्यांना सांगत नाहीत, कारण त्या शिकवायच्या कामी येतात.

आता आपल्याकडे वळते. प्रयोगशाळांच्या बाबतीत आपण काही मागासलेले नव्हतो. मुंबईत कालिनाची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा १९५८पासून आहे. सागर विद्यापीठात या विषयाचा विभाग १९५९मध्ये सुरू झाला. अडचण होती ती घटनास्थळ आणि प्रयोगशाळा यांच्यामधल्या अंतरात. जागेवर जायचा तो फौजदार. पंचनामा करायचा तोही तोच, रस्त्यावरून बोलावलेल्या दोन पंचांसमोर. प्रयोगशाळेत बसलेल्या शास्त्रज्ञापर्यंत पोचायची ती लाख लावलेली पुडी. पुडीत काय घालायचं राहिलं, हे त्याला कधीच कळत नसे.

नोएडातलं २००८चं प्रकरण अनेकांना आठवत असेल. मे महिन्यात एका फ्लॅटमध्ये शाळकरी मुलगी मृतावस्थेत सापडली. घरगडी बेपत्ता होता, म्हणून संशय त्याच्यावर. त्याला शोधायला पथकं निघाली. घरात शेजारी, नातेवाईक, पत्रकार यांची ये-जा चालू होती. गच्चीचं दार बंद होतं आणि ते त्या दिवशी उघडलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी उघडलं, तेव्हा त्या घरगड्याचं प्रेत तिथेच होतं. म्हणजे सबंध दिवस देश ज्याला खुनी समजत होता, तो माणूस डोक्यावरच्या मजल्यावर मरून पडला होता. मुलीच्या आई-वडिलांना २०१३मध्ये जन्मठेप झाली आणि २०१७मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. त्या पहिल्या दिवशी जे तुडवलं गेलं, ते पुढे कुठल्याही प्रयोगशाळेला परत आणता आलं नाही.

ही परिस्थिती बदलावी म्हणून कायद्यात एक मोठी दुरुस्ती झाली आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७६ आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने स्वतः घटनास्थळी जायचं, पुरावे गोळा करायचे आणि त्या कामाचं चित्रीकरण करायचं. राज्यांना याची व्यवस्था करायला पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. याचा अर्थ असा, की हे काम जाणणारी माणसं आता जिल्ह्याजिल्ह्यात लागणार.

तर अभ्यासक्रम. बारावीला विज्ञान हवं. रसायन, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र यांपैकी एकाचा पाया पक्का करावा. पदवी त्यात घेऊन मग न्यायसहायक विज्ञानाकडे वळलं तरी चालतं, आणि माझ्या मते तेच बरं. मुंबईत २००९पासून शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही आहेत. गुजरातमधलं विद्यापीठ २०२०च्या कायद्याने राष्ट्रीय झालं, त्याचं एक केंद्र गोव्यात फोंड्याजवळ आहे. बोटांच्या ठशांचं काम करायचं, तर राज्याचं अंगुलिमुद्रा केंद्र पुण्यात गुन्हे अन्वेषण विभागाकडे आहे. खरी ‘सीआयडी’ तीच. तिथे दरवाजे तोडण्यापेक्षा भिंगातून पाहण्यात जास्त वेळ जातो. कुठल्याही संस्थेत जाण्याआधी तिथले शिक्षक कोण, प्रयोगशाळा कशी, हे मुलांनी स्वतः जाऊन पाहावं. अलीकडे या नावाच्या पाट्या पुष्कळ लागल्या आहेत.

दोन गोष्टी मालिकांत दाखवत नाहीत. एक म्हणजे वास. उन्हाळ्यात बंद खोलीत तीन दिवस राहिलेल्या प्रेताजवळ बसून मोजमाप घ्यावं लागतं, आणि सगळ्यांनाच ते जमत नाही. जमत नसेल तर प्रयोगशाळेत तितकंच महत्त्वाचं काम आहे. दुसरी म्हणजे साक्षीदाराचा पिंजरा. तुम्ही जे पाहिलंत ते दोन-चार वर्षांनी, कधी दहा वर्षांनी, बचावाच्या वकिलापुढे सांगायचं असतं. तेव्हा आठवणीचा काही उपयोग नाही. त्या दिवशी लिहिलेलाच कामाला येतो. खिडकी उघडी होती की लोटलेली? दिवा चालू होता का? ‘बहुतेक’ म्हटलंत, की उलटतपासणी तिथून सुरू होते. म्हणून या मुलांनी भाषा कच्ची ठेवू नये, असं मी सांगते, आणि त्यांना ते फारसं आवडत नाही.

सुरुवात मात्र आजही करता येईल, खर्च काही नाही. आपलंच स्वयंपाकघर घ्या. दारात उभं राहा, आत जाऊ नका, कशाला हात लावू नका. डावीकडून सुरू करून दीड तास फक्त पाहा आणि लिहा. ओट्यावर काय आहे, कुठल्या डब्याचं झाकण अर्धवट आहे, शेगडीची चावी कुठल्या बाजूला आहे, दिनदर्शिकेचं पान कुठल्या महिन्याचं आहे. ‘स्वच्छ’, ‘पसारा’ असे शब्द लिहायचे नाहीत. मग खोलीत पाठ करून बसा आणि लिहिलेल्यावरून नकाशा काढा. तो घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्या, मोजपट्टीही द्या, आणि काय काय राहिलं ते त्याला लाल पेनने दाखवायला सांगा. पहिल्या खेपेला कागद बराच लाल होतो.